कड्याच्या काठावरची घरे

निसर्गाने जेथे आपले विराट रूप प्रकट केले आहे, अशा ठिकाणी माणसाने घर बांधावे की नाही, आणि बांधावयाचेच झाले तर ते कसे बांधावे, या प्रश्नाविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. प्रश्न वरवर साधा दिसतो. डोंगराच्या माथ्यावर, दरीच्या काठावर, धबधब्याच्या समोर माणसे जाणारच. गेली की त्यांना वाऱ्यापावसात उभे राहावयास आडोसा हवा, घोटभर चहा हवा, रात्री पाठ टेकावयास जागा हवी. ही सोय कोणीतरी करतो; आणि पाहता पाहता, जे पाहावयास आपण इतक्या लांबून आलो, त्याच्याच आड ती सोय येऊन उभी राहते. ज्यांनी थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस काढले असतील त्यांना हे नव्याने सांगावयास नको. मोठ्या उत्कंठेने एखाद्या ‘पॉइंट’वर जावे, आणि प्रथम दर्शन घडावे ते लाल रंग फासलेल्या पत्र्याच्या छपराचे, असा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर आला असेल.

अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात एका प्रचंड दरीच्या काठावर १९०५ ते १९३५ या तीस वर्षांत एका बाईने सहा वास्तू उभारल्या. त्या वास्तूंच्या इतिहासात हा सारा प्रश्न, त्याच्या उत्तरासकट आणि त्या उत्तरातील व्यंगासकट, एके ठिकाणी पाहावयास मिळतो. म्हणून आज तेवढीच गोष्ट सांगतो.

ही दरी म्हणजे कोलोरॅडो नदीने कोरलेली ‘ग्रँड कॅन्यन’. लांबी २७७ मैल. रुंदी कोठे कोठे १८ मैल. आणि खोली सुमारे एक मैल. नुसत्या आकड्यांनी कल्पना यावयाची नाही. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून जेवढे उंच आहे, जवळजवळ तेवढीच ही दरी काठापासून खोल आहे. म्हणजे कळसूबाई त्या खड्ड्यात उभी केली तर तिचे टोक जेमतेम काठाशी येईल! आणि ही खोली एकरंगी नव्हे. वरच्या काठाला पिवळट पांढरी चुनखडी, तिच्याखाली वाळूच्या दगडाचे थर, मग तांबड्या भिंती, आणि अगदी तळाशी नदीपाशी काळाकुट्ट कठीण खडक. माथ्यावरचा थर सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळचा खडक १७० कोटी वर्षांहून जुना. पृथ्वीची बखर कोणीतरी पाने उघडी करून ठेवावी, तशी ती दरी आहे.

अशा जागी १९०१ सालच्या सप्टेंबरात आगगाडी येऊन पोहोचली. सान्ता फे रेल्वे कंपनीने विल्यम्स या गावापासून ६४ मैलांचा फाटा दक्षिण काठापर्यंत आणला. तोपर्यंत घोड्यांच्या गाडीतून हाडे खिळखिळी करीत जाणाऱ्यांची संख्या थोडी होती. आता कोणीही तिकीट काढावे आणि यावे. कंपनीला अर्थातच उतारूंसाठी मोठे हॉटेल बांधावयाचे होते. १९०३ च्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथे आले. त्यांनी आपल्या भाषणात, ही जागा आहे तशीच राहू द्या, तुमच्या हातून तिच्यात सुधारणा होणार नाही, असे बजावले. इतकेच नव्हे, तर अगदी कड्यावर हॉटेल न बांधण्याचा निर्णय घेतल्याबद्दल रेल्वे कंपनीचे अभिनंदनही केले. मौज अशी की, त्यानंतर दोनच वर्षांत, १९०५ च्या जानेवारीत, ‘एल् तोवार’ हे कंपनीचे हॉटेल उघडले ते कड्यापासून अवघ्या काही पावलांवर! चार्ल्स व्हिटल्सी या वास्तुविशारदाने ते बांधले. लाकूड आणले ओरेगॉनहून. घाट घेतला थोडा स्वित्झर्लंडच्या पहाडी घरांचा आणि थोडा नॉर्वेच्या बंगल्यांचा. खर्च अडीच लाख डॉलर. इमारत डौलदार आहे, आजही लोक आवडीने तिच्यात उतरतात. परंतु ती पाहून, हे घर येथलेच असे कोणी म्हणणार नाही. पाहुणा कितीही सभ्य असला तरी तो पाहुणाच.

त्याच सुमारास, याच हॉटेलाच्या समोर, हाकेच्या अंतरावर, एक अगदी निराळी इमारत उभी राहिली, आणि येथूनच मेरी कोल्टर या बाईंची कथा सुरू होते.

कोल्टरबाईंचा जन्म १८६९ सालचा. बालपण गेले मिनेसोटा संस्थानातील सेंट पॉल या शहरी. त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगतात. घरी कोणा आप्ताने सू जमातीच्या लोकांनी काढलेली चित्रे भेट दिली होती. पुढे त्या जमातीत देवीची साथ आली. भयभीत झालेल्या आईने त्या लोकांकडची प्रत्येक वस्तू जाळून टाकावयाचे ठरविले. परंतु मुलीने ती चित्रे गुपचूप लपवून ठेवली आणि जन्मभर जपली. वडील वारल्यावर संसाराला हातभार लावणे प्राप्त होते. म्हणून त्या सान फ्रान्सिस्कोला कलाशाळेत शिकल्या, शिकत असतानाच एका वास्तुविशारदाच्या कचेरीत उमेदवारी केली, आणि परत येऊन सेंट पॉलच्या शाळेत कित्येक वर्षे चित्रकला शिकवीत राहिल्या. स्त्रियांनी इमारतींचे नकाशे काढावेत ही गोष्टच त्या काळी विरळा होती. सान्ता फे रेल्वेच्या मार्गावर हॉटेले आणि उपाहारगृहे चालविणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीने त्यांना १९०२ साली प्रथम काम दिले, आणि त्यानंतर पुढील चार दशकांहून अधिक काळ त्या त्याच कंपनीच्या होऊन राहिल्या.

एल् तोवारच्या समोरची ती इमारत म्हणजे ‘होपी हाऊस’. होपी हे ॲरिझोनाचे मूळ रहिवासी. उंच खडकाळ पठारांवर त्यांची शेकडो वर्षांची गावे आहेत. त्यांपैकी ओरायबी या गावातील घरांचा घाट कोल्टरबाईंनी उचलला. दगडमातीच्या जाड भिंती, अगदी लहान खिडक्या, आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या गच्च्या; खालच्या खोलीचे छप्पर हेच वरच्या खोलीचे अंगण. छतासाठी आडव्या तुळया, त्यांवर बारीक वासे, त्यांवर काटक्या आणि गवत, आणि सर्वांवर मातीचा थर. येथे स्वित्झर्लंड नाही की नॉर्वे नाही. दगड तेथला, आणि बांधणारे कारागीरही बहुतेक होपीच. ज्या उन्हात आणि ज्या थंडीत ही इमारत उभी राहावयाची, त्याच उन्हाथंडीने शेकडो वर्षांत शिकविलेला हा घाट होता. कोल्टरबाईंचे कर्तृत्व एवढेच की, शिकविणारा कोण हे त्यांनी ओळखले. रेल्वेच्या भल्यामोठ्या हॉटेलाला ते ओळखता आले नव्हते.

परंतु आणखी एक गोष्ट येथेच नमूद करावयास हवी. होपी हाऊस हे मुळात दुकान होते. वरच्या मजल्यावर होपी कुटुंबे राहात; ती मडकी घडवीत, विणकाम करीत, आणि संध्याकाळी उतारूंपुढे नाचत. नाम्पेयो ही मोठी नामवंत कुंभार स्त्री १९०५ आणि १९०७ साली तेथे येऊन राहिली होती. तिची मडकी आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. पण त्या काळी हॉटेलात उतरलेला पाहुणा जेवण आटोपून समोर येई, आणि ती मडके कसे घडविते हे पाहण्याबरोबर ती दिसते कशी हेही पाही. घराचा घाट खरा होता, घरातील जगणे मात्र प्रदर्शनासाठी मांडलेले होते. हे शल्य मनात असू द्यावे. शेवटी त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

१९१४ साली बाईंनी दोन इमारती बांधल्या, आणि त्यांत त्यांची दृष्टी माणसांच्या घरांवरून सरळ खडकाकडे वळलेली दिसते. पहिली ‘लुकआऊट स्टुडिओ’. ही अगदी कड्याच्या ओठावर आहे. कड्याचीच चुनखडी घेतली, तीही अनघड. भिंतीचा माथा मुद्दाम वेडावाकडा ठेवला, धुराडे असे रचले की दगडांची रास वाटावी. दुरून पाहणाऱ्यास कडा कोठे संपला आणि भिंत कोठे सुरू झाली हे चटकन कळत नाही. सह्याद्रीतील काही किल्ल्यांचे तट जसे कातळातून उगवल्यासारखे दिसतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की, आपल्या गडकऱ्यांना शत्रूला फसवावयाचे होते, आणि बाईंना पर्यटकाच्या डोळ्यांना सुख द्यावयाचे होते.

दुसरी वास्तू ‘हर्मिट्‌स रेस्ट’, म्हणजे एकांतवाशाचा विसावा. काठाकाठाने पश्चिमेकडे जाणारा एक रस्ता रेल्वेने बांधला होता, त्याच्या टोकाला ही आहे. दरवाजाशी दगडांची ओबडधोबड कमान आणि तिला टांगलेली जुनी घंटा. आत गेले की अर्धगोल घुमटाखाली माणूस उभा राहील एवढी प्रचंड शेकोटी. सारे असे दिसते की, कोणी एकलकोंडा डोंगरी माणूस येथे जन्मभर राहिला असावा. आणि हा देखावा पुरा व्हावा म्हणून बाईंनी नव्या कोऱ्या शेकोटीच्या दगडांना काजळी फासली, कोपऱ्यांत कोळिष्टके राहू दिली. उद्घाटनाला आलेले रेल्वेचे अधिकारी थट्टेने म्हणाले, ‘बाई, जरा झाडलोट तरी करावयाची होती!’ त्यावर त्या हसून उत्तरल्या की, हे इतके जुने दिसावे म्हणून किती खर्च आला आहे याची तुम्हांला कल्पना नाही.

हा किस्सा ऐकून हसू येते खरे; परंतु मला स्वतःला ती काजळी तितकीशी रुचत नाही. दगडाशी दगड जुळविणे ही एक गोष्ट, आणि न जगलेले आयुष्य भिंतीला फासणे ही दुसरी. पहिलीत निसर्गाचा मान आहे. दुसरीत नाटकाच्या नेपथ्याचा वास येतो. अर्थात नेपथ्य उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही.

दरम्यान सरकारलाही या विषयाचे महत्त्व पटू लागले होते. १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निघाले, आणि १९१८ च्या मे महिन्यात अंतर्गत खात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांनी त्या खात्याचे प्रमुख स्टीफन मॅदर यांना धोरणपत्र धाडले. उद्यानांत रस्ते, पाऊलवाटा, इमारती करताना त्या भूदृश्याशी सुसंगत असाव्यात याकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात स्पष्ट होते. ग्रँड कॅन्यन १९१९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे मंदीच्या काळात, १९३३ पासून, सरकारने बेकार तरुणांची पथके उभारून त्यांच्याकडून उद्यानांत दगडी कठडे, लाकडी कुट्या, पाऊलवाटा करून घेतल्या. आणि आल्बर्ट गुड यांनी १९३५ साली व पुन्हा १९३८ साली अशा बांधकामांचे मोठे सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केले. इमारतीने भूमीपुढे नम्र असावे, आपल्याकडे लक्ष ओढून घेऊ नये, हा त्यांचा गाभा. म्हणजे जी दृष्टी एका कंपनीच्या नोकरीत असलेल्या बाईने काठावर आणली होती, ती वीस वर्षांत साऱ्या देशाच्या सरकारी बांधकामाची रीत झाली. याचे सर्व श्रेय बाईंना द्यावे असे नव्हे. त्या विचाराचे पाईक अनेक होते. समोरच्या उत्तर काठावर गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड यांनी १९२८ साली दगडालाकडाचे सुरेख विश्रामगृह बांधले होते. ते १९३२ साली जळाले, १९३७ साली पुन्हा उभे राहिले, आणि २०२५ च्या जुलैत वणव्यात पुन्हा भस्मसात झाले. रानाशी मिसळून राहणाऱ्या घराला रानाची संकटेही चुकत नाहीत.

आता दरीच्या तळाशी उतरू. १९२२ साली कोल्टरबाईंनी कोलोरॅडो नदीच्या पलीकडे, ब्राइट एंजल नावाच्या ओढ्याकाठी, ‘फँटम रँच’ हा मुक्कामाचा तळ बांधला. येथे मोटार नाही, गाडी नाही. जे काही आणावयाचे ते खेचरांच्या पाठीवर लादून, एक मैल खोल उतरणीने. लाकूड, खिळे, काच, सारे असेच आले. दगड तेवढा ओढ्यात होता. म्हणून ओढ्यातील गोटे तसेच्या तसे उचलून भिंती रचल्या, आणि त्यांवर साधी लाकडी छपरे घातली. खोल्या लहान, ठेंगण्या, कॉटनवुडच्या झाडांखाली लपलेल्या. मला विचाराल तर कोल्टरबाईंच्या साऱ्या कामात हे सर्वांत निर्मळ आहे. येथे काजळी फासावी लागली नाही. खेचराच्या पाठीवर जेवढे मावेल तेवढेच घर, हा नियम निसर्गानेच घालून दिला होता. बाईंनी तो मोडला नाही एवढेच. फँटम रँचची टपाले आजही खेचरावरून वर येतात, आणि तशी खूण त्या पत्रांवर उमटवितात.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध वास्तू मात्र ही नव्हे. गावापासून सुमारे २५ मैल पूर्वेला, जेथे दरी वळण घेते आणि पलीकडचे रंगीत वाळवंट दिसू लागते, तेथे कंपनीला एक विश्रांतिस्थान हवे होते. बाईंपुढे पेच असा होता की, उंच काही बांधावे तर ते डोळ्यांवर येणार. आणि बुटके बांधावे तर दूरचे दिसणार नाही. त्यांना उत्तर सापडले ते पुरातन काळच्या लोकांनी बांधलेल्या दगडी बुरुजांत. मेसा व्हर्डे, होव्हनवीप या भागांत असे पडके बुरूज आहेत. बाईंनी लहानसे विमान भाड्याने घेऊन वरून अवशेष हेरले, मग मोटारीने तेथवर जाऊन त्यांची रेखाटने केली. दगड कसे बसविले आहेत, थर कसे बदलतात, सांधे कसे आहेत, हे पाहण्यात महिनेच्या महिने घालविले. वय त्या वेळी साठीच्या पुढे होते! परत आल्यावर जागेचा आणि इमारतीचा मातीचा नमुना केला. आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन, प्रत्यक्ष जागेवर ७० फूट उंचीचा लाकडी मनोरा उभारून, वरून काय दिसेल हे आधी चढून पाहिले.

असा तो ‘डेझर्ट व्ह्यू’चा टेहळणीचा बुरूज १९३२ साली तयार झाला. पायथ्याशी ३० फूट व्यास, उंची ७० फूट. आत पोलादी सांगाडा आहे. तो रेल्वेच्या पूल बांधणाऱ्या खात्याने उभारला. बाहेरचा दगड मात्र सारा भोवतालचा, आणि न घडविलेला. घडविला तर उन्हापावसाने त्याच्यावर आलेला रंग जाईल, म्हणून दगडाला छिन्नी लावावयाची नाही, असा बाईंचा हुकूम होता. हव्या त्या आकाराचा दगड मिळेपर्यंत शोधावयाचे. चुकीचा बसला तर काढावयाचा. भिंतीला मुद्दाम भेगा ठेवल्या, बाजूला पडक्या भिंतीचा भास निर्माण केला. आतील एका खोलीच्या छताला तुळया घातल्या त्या जवळच्या पाडलेल्या जुन्या हॉटेलातील. वरच्या खिडक्यांशी काळ्या काचेचे आरसे बसविले. त्यांत पाहिले की दरीचे प्रतिबिंब दिसते, उन्हाची झळाळी कमी होते, आणि एरवी नजरेत न मावणारे ते रंग चित्राच्या चौकटीत आल्यासारखे वाटतात.

आत भिंतींवर चित्रे काढली फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराने. कोलोरॅडो नदीतून प्रथम प्रवास करणाऱ्या माणसाची आणि सर्पांची होपी कथा त्याने रंगविली. होपींच्या श्रद्धेप्रमाणे माणूस या जगात वर आला तो याच दरीतील एका द्वारातून. तेव्हा ही कथा शोभेसाठी कोठून तरी आणलेली नव्हती. बाईंची मते मोठी ठाम, रंगाच्या छटेवरूनही त्यांचा आग्रह चाले. तरी आमचे बहुतेक वेळा जमले, असे काबोटींनी पुढे सांगितले आहे. १९३३ च्या मे महिन्यात होपी विधीने बुरुजाचे उद्घाटन झाले.

आता येथे ती काजळीची शंका पुन्हा उभी राहते. पोलादाच्या सांगाड्यावर दगडाचे पांघरूण घालून त्याला पडके दाखविणे हे खरेपणाचे कसे म्हणावे? याचे उत्तर बाईंनीच दिले, आणि ते मला फार आवडते. मोटारचालकांसाठी आणि वाटाड्यांसाठी त्यांनी एक पुस्तिकाच लिहून काढली. हा बुरूज अमुक एका प्राचीन बुरुजाची नक्कल नाही, प्राचीन अवशेष तर मुळीच नाही. त्या बांधणीच्या आधारे केलेली ही नवी रचना आहे, हे पाहुण्यांना समजावून सांगावे, असा तिचा रोख होता. म्हणजे अठरा वर्षांपूर्वी काजळी फासून हसणारी बाई, आता आपल्याच कौशल्याने कोणी फसू नये म्हणून लिहीत बसली होती.

त्यानंतर १९३५ साली बाईंनी ‘ब्राइट एंजल लॉज’ बांधले. मोटारीने येणाऱ्या साध्या माणसांना परवडेल असे हे निवासस्थान. ते बांधताना तेथील दोन जुन्या कुट्या पाडावयाचे घाटत होते; बाईंनी त्या वाचविल्या आणि नव्या रचनेत सामावून घेतल्या. तेथील एका दालनात सुमारे दहा फूट उंचीची शेकोटी आहे. तिचे दगड दरीतील थरांच्याच क्रमाने रचलेले आहेत. तळाशी नदीकाठचा काळा खडक, मग एकेक थर चढत चढत माथ्यावर काठाची चुनखडी. एडविन मॅकी या उद्यानातील निसर्गशास्त्रज्ञाचे साहाय्य घेऊन, खेचरांवरून तळचे दगड वर आणवून, क्रम अचूक साधला. थंडीत शेकावयास बसलेला प्रवासी, नकळत १७० कोटी वर्षे तळापासून माथ्यापर्यंत वाचून काढतो. येथे दगड कशाचे सोंग आणीत नाही. तो दगड म्हणूनच बोलतो.

येथपर्यंतची कथा ऐकताना असा ग्रह होईल की, त्या दरीत खडक होता, नदी होती, आणि मग एके दिवशी आगगाडी आली. तसे नव्हते. काठावरून फँटम रँचकडे उतरणाऱ्या वाटेवर, अर्ध्या उतरणीला, एका झऱ्याकाठी हिरवागार मळा होता. हवासुपाई जमातीची माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या मका, भोपळे, घेवडा पिकवीत. हवासुपाई म्हणजे निळ्याहिरव्या पाण्याचे लोक. हिवाळ्यात ती काठावरच्या रानात शिकारीला जात, उन्हाळ्यात खाली पाण्याशी येत. सरकारने १८८२ साली त्यांच्यासाठी एका बाजूच्या दरीत ५१८ एकर जमीन राखून ठेवली, आणि उरलेली त्यांची नाही असे ठरविले. मळ्याला पाहुणे ‘इंडियन गार्डन’ म्हणू लागले.

१९२८ साली दोन गोष्टी घडल्या. नदीवर फँटम रँचपाशी झुलता पूल बांधावयाचा होता. त्याचे तारेचे दोर प्रत्येकी सुमारे ५५० फूट लांब आणि वजनाने टनभर. खेचरांना ते वळणावळणांच्या वाटेने नेता येईनात. तेव्हा ४२ हवासुपाई पुरुषांनी एका ओळीत उभे राहून, एकेक दोर खांद्यांवर घेतला, आणि अजगर सरकावा तसा तो दरीच्या तळाशी उतरविला. त्या पुलावरून आजही माणसे आणि खेचरे जातात. आणि त्याच १९२८ साली, त्या मळ्यात राहणारा शेवटचा हवासुपाई, ज्याला ‘कॅप्टन बरो’ म्हणत, त्याला उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तेथून काढून लावले.

पाहुण्यासाठी उभारलेली भिंत कड्याशी किती बेमालूम जुळली आहे, हे तपासण्यात तिघेचौघे तज्ज्ञ गढून गेले होते. आणि ज्याच्या शेताचा रंग त्या भूमीचा खराखुरा रंग होता, तो माणूस त्याच वेळी त्या देखाव्यात विसंगत ठरत होता. होपींना काठावर जागा मिळाली ती दुकानाच्या माडीवर, आणि हवासुपाईंना तीही नाही. यात कोल्टरबाईंचा हात होता असे मी म्हणत नाही. मळ्यावरचा हुकूम त्यांचा नव्हता. परंतु भूदृश्याशी सुसंगत असावे असे ज्या धोरणपत्रात लिहिले होते, त्यातील ‘भूदृश्य’ या शब्दात झाडे येत, दगड येत, माणसे मात्र येत नसत, हे नजरेआड करता येत नाही.

बाई १९४८ साली निवृत्त झाल्या आणि १९५८ च्या जानेवारीत सान्ता फे येथे वारल्या. लहानपणी वाचविलेली ती सू चित्रे त्यांनी मृत्युपत्राने संग्रहालयाला दिली. रेल्वेचा काळ ओसरल्यावर त्यांची पुष्कळशी कामे नष्ट झाली. गॅलप येथील ‘एल् नवाहो’ त्यांच्या डोळ्यांदेखत, १९५७ साली, पाडले गेले. आल्बुकर्कीचे ‘अल्वाराडो’ १९७० साली गेले. दरीच्या काठावरच्या इमारती मात्र राहिल्या, आणि त्यांपैकी चार १९८७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारके म्हणून घोषित झाल्या.

हवासुपाईंची कहाणी तेवढ्यावर संपली नाही. अर्ध्या शतकाच्या अर्ज-विनंत्या आणि लढ्यानंतर १९७५ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. अलीकडच्या वर्षांत डेझर्ट व्ह्यूच्या बुरुजातील दुकान काढून, तेथे त्या दरीशी नाते असलेल्या अकरा जमातींच्या कारागिरांना आपली कला आपल्या मुखाने सांगावयास जागा देण्यात आली आहे. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात, हवासुपाईंच्या मागणीवरून, भौगोलिक नावे ठरविणाऱ्या सरकारी मंडळाने १९ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून त्या झऱ्याकाठच्या जागेचे ‘इंडियन गार्डन’ हे नाव बदलले. काठावरून फँटम रँचला जाणारा वाटसरू अर्ध्या वाटेवर पाणी प्यावयास थांबतो, तेथे आता फलकावर ‘हवासुपाई गार्डन्स’ असे लिहिलेले आहे.